खांद्यावरची निळी फुली

कापड कापणाऱ्याने भित्रे असून चालत नाही. टेबलावर एकावर एक चाळीस थर अंथरलेले असतात, सर्वांत वरच्या थरावर निळ्या खडूची रेघ असते, आणि उभ्या पात्याचे विजेवर चालणारे यंत्र त्या रेघेवरून एकदा गेले की चाळीस बाह्या एकदम बरोबर येतात किंवा चाळीस एकदम चुकतात. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तर हे काम एकोणतीस वर्षे करीत होते. एवढ्या काळात त्यांचा हात चुकल्याचे मालकांनाही सांगता आले नसते, आणि इतरांच्या चुका सांगणे हा तर मालकांचा आवडता छंद होता.

असा हा माणूस पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला भिऊन मात्र दोनदा पळाला.

पहिल्या वेळी त्यांनी कामाची सबब पुढे केली. शाळा उघडायच्या आत सहाशे गणवेश जायचे आहेत, आपल्यावाचून टेबल अडेल, असे त्यांनी घरी सांगितले, आणि ते अर्धे खरेही होते. दुसऱ्या वेळी ते उपाशीपोटी, कपड्यांची पिशवी घेऊन इस्पितळाच्या दारापर्यंत गेले, तेथे काही वेळ उभे राहिले आणि परत येऊन त्यांनी बायकोला सांगितले की सर्जन अचानक रजेवर गेले आहेत. बायकोने तेथल्या तेथे फोन लावला. सर्जन रजेवर नव्हते. ते हात धुऊन मास्तरांचीच वाट पाहत होते. त्यानंतर चार दिवस त्या घरातले संभाषण ‘जेवायला वाढलंय’ या वाक्यापलीकडे गेले नाही.

दुखणे थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. जरा तळलेले खाण्यात आले की उजव्या बरगडीखाली अशी कळ उठे की मास्तर टेबलाची कड धरून वाकत आणि शिलाईवाल्या बायका यंत्रांवरचे पाय उचलून त्यांच्याकडे पाहत राहत. जन्मभर खडू वापरणाऱ्याला अखेर खड्यांनीच गाठले, असा विनोद कारखान्यात दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांचा चेहरा पाहून थांबला. सर्जनांनी सोनोग्राफीचा कागद उजेडात धरून बजावले होते की यांतला एखादा खडा नळीत उतरला तर कावीळ होईल, सूज येईल, आणि मग तारीख मागायला वेळ राहणार नाही. थेट अपघात विभागातूनच भेट होईल.

मास्तरांना हे सारे पटले होते. सुईची त्यांना भीती नव्हती, रक्ताची नव्हती, भूल देऊन निजवतात त्याचीही नव्हती. त्यांना भीती वाटत होती ती खांद्याची.

ज्यांनी कापण्याचे यंत्र कधी चालवलेले नाही त्यांना वाटते की ते हाताने चालते. ते खांद्याने चालते. पाते रेघेवर ठेवायचे, मनगट घट्ट धरायचे आणि उजव्या खांद्यातून एकसारखा, न थांबणारा रेटा द्यायचा; खांदा कणभर कचरला की पाते कचरते आणि खालचे थर वरच्यांपेक्षा वेगळे निघतात. मास्तरांच्या लेखी उजवा खांदा हा शरीराचा भाग नव्हताच. ती त्यांची नोकरी होती. आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेने खांद्याचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पाहिले होते ते ताईचे.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. त्याच इमारतीत दोन मजले खाली ती एकटी राहत असे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार नोंदवण्याच्या खिडकीमागे तिने एकतीस वर्षे काढली होती. कोणाचा नळ कोरडा, कोणाचे पाणी गढूळ, कोणाच्या भिंतीला ओल. ती ऐकून घेई, नोंदवहीत लिही, क्रमांक देई. ज्या तक्रारीला क्रमांक नाही ती तक्रार झालीच नाही, हा त्या कचेरीचा धर्म होता आणि ताईने तो निष्ठेने पाळला. गावभराच्या तक्रारी जिने नोंदवल्या तिची स्वतःची एकुलती एक तक्रार मात्र कोणी नोंदवून घेतली नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले. पोटाला चार लहान छिद्रे पडली, तीही नीट भरली. परंतु त्याच संध्याकाळी तिच्या उजव्या खांद्याच्या टोकाशी खुंटी ठोकावी तसे दुखू लागले. आडवे होता येईना, बसवेना, खोल श्वास घेतला की खुंटी आणखी आत जाई. परिचारिकेने उशीला दोष दिला. फेरीला आलेल्या डॉक्टरांनी ‘गॅस आहे, जाईल’ असे म्हणून पुढच्या खाटेकडे पाऊल टाकले. नातेवाईक एकमेकांकडे पाहून हसले. आणि मास्तरांनी, खाटेच्या कडेला बसून, समजूतदारपणाच्या सुरात ते वाक्य उच्चारले.

“ताई, ऑपरेशन पोटाचं झालंय. खांद्याला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.”

तीन दिवसांनी दुखणे ओसरले. थट्टा मात्र ओसरली नाही. घरात कोणी न पटणारे कारण सांगितले की दुसरा हमखास म्हणे, ‘हा ताईचा खांदा दिसतोय.’ उशीर झाला, ताईचा खांदा. परीक्षेत गुण कमी पडले, ताईचा खांदा. पहिल्या दोन वेळा ताईही हसली. पुढे ती हसेनाशी झाली, आणि त्यानंतर तिने डोके दुखते इतकेही कधी कोणाला सांगितले नाही. कुटुंबाने याचा अर्थ असा लावला की ताईची प्रकृती फारच उत्तम आहे.

मास्तरांना खरे काय ते ठाऊक होते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दुपारी ते इस्पितळात गेले तेव्हा ताई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. डाव्या हाताने तिने उजवा खांदा घट्ट धरला होता आणि झोपेतही तिच्या कपाळावर आठी होती. झोपलेले माणूस सोंग करीत नाही. मास्तर पाच मिनिटे तिच्याकडे पाहत उभे राहिले, आणि बाहेर येऊन, सगळे हसत होते म्हणून, तेही हसले.

तिसरी तारीख मिळाली तेव्हा मास्तरांनी ठरवले की पळायचे नाही, सांगायचे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीला एक तरुण डॉक्टर समोर छापील कागद घेऊन बसला होता. दात हलतात का, कवळी आहे का, बोटात अंगठी आहे का, शेवटचे कधी जेवलात, असे सर्व रकाने होते. मास्तरांनी बहिणीच्या खांद्याची हकीकत काढली. डॉक्टरने विचारले, बहिणीला हृदयविकार होता का. नव्हता. मधुमेह? नव्हता. भुलीचा त्रास? तोही नव्हता. त्याने त्या रकान्यात ‘विशेष काही नाही’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. खांद्यासाठी रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते दुखत नाही, असा जगातील बहुतेक कचेऱ्यांचा समज असतो.

संध्याकाळी मास्तर ताईकडे गेले. ती खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. त्यांनी इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले की तेव्हा खांदा नेमका कुठे दुखला होता.

ताईने चष्मा काढला. “अकरा वर्षांपूर्वी माझा खांदा खोटा होता. आता तुझी वेळ आली तसा खरा झाला वाटतं?”

मास्तरांनी खिशात हात घातला. खिशात, नेहमीप्रमाणे, खडू होता.

कारखान्यात एक जुना नियम आहे. तोंडी सांगितलेले कोणी धरीत नाही. कापडात कोठे वीण सुटलेली असेल, डाग असेल, तर तपासणारा त्या जागी गोल काढून त्यात फुली मारतो. कापणाऱ्याला ती दिसली की त्याने यंत्र थांबवायचे आणि विचारायचे. साधा खडू झटकला जातो, म्हणून अशा खुणेसाठी मेणाचा निळा खडू वापरतात. तो हातांनी पुसला जात नाही, गरम इस्त्री फिरवली की विरघळून नाहीसा होतो. मास्तरांच्या मनात जे होते ते या नियमातून सरळ निघत होते. उद्या आपण टेबलावर निजलेले असणार. आपल्याला बोलता येणार नाही. तेव्हा जे सांगायचे ते खडूने सांगितले पाहिजे. जे लोक कापणार आहेत त्यांना गोलातली फुली कळेलच, कारण जिला ती कळत नाही अशी कापणारी व्यक्ती मास्तरांनी पाहिलीच नव्हती.

“तूच काढून दे,” ते म्हणाले. “जागा तुलाच माहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, मास्तरांची अंघोळ झाल्यावर, ताई वर आली. मास्तर सदरा काढून स्टुलावर बसले. बायको दारात हाताची घडी घालून उभी राहिली आणि हे नवे सोंग किती वेळ चालणार आहे याची तिने एकदा चौकशी केली. ताईने खडूची कड नखाने साफ केली, खांद्याच्या टोकावर बोट टेकवले, दाबले, अर्धे बोट मागे सरकवले, आणि तेथे एक नीटस गोल काढून त्यात फुली मारली. अकरा वर्षांनीही ती जागा तिला शोधावी लागली नाही. खडू परत देताना ती एवढेच म्हणाली, “पळू नकोस. माझी खूण वाया जाईल.”

ते पळाले नाहीत. बायकोने दंड धरला होता, हेही एक कारण होतेच.

इस्पितळातही अंगावर खुणा करतात, आणि त्या कोणी करायच्या याचे तेथेही नियम आहेत, हे मास्तरांना कोणी सांगितले नव्हते. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बोळात त्यांना चाकांच्या खाटेवर निजवले होते. छातीवर तारा चिकटवण्यासाठी परिचारिकेने झग्याची गाठ सोडली आणि तिचा हात तसाच राहिला. शेजारच्या दालनात त्याच सकाळी एका व्हॉलीबॉल खेळाडूच्या खांद्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. येथे हातातली फाइल पित्ताशय म्हणत होती आणि समोरची कातडी खांदा म्हणत होती. खांद्याचा माणूस पोटाच्या रांगेत आला की पोटाचा माणूस खांद्याच्या रांगेत गेला?

सर्व काही थांबले. मनगटावरची पट्टी तीनदा वाचली गेली. पलीकडच्या खेळाडूला उठवून त्याचाही खांदा तपासण्यात आला. त्याच्या डाव्या खांद्यावर सर्जनच्या पेनाने काढलेला बाण जागेवर होता आणि तो आता या सर्वांकडे संशयाने पाहू लागला होता. सर्जन आले, घड्याळाकडे पाहून गेले, पुन्हा आले. दोन महिन्यांत मास्तरांना ज्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता अशा सात माणसांनी वीस मिनिटांत त्यांना नाव, वय आणि काय कापायचे आहे ते विचारले. मास्तर प्रत्येकाला ‘पित्ताशय’ म्हणून सांगत होते आणि प्रत्येक जण त्यांच्या खांद्याकडे पाहत होता.

मग भूलतज्ज्ञ बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या. त्यांनी जी गोष्ट केली ती तोवर तेथे कोणी केली नव्हती: एक स्टूल ओढले आणि त्या बसल्या.

“ही फुली कोणी काढली?”

“ताईने.”

“ताई डॉक्टर आहेत?”

“नाही. पाणी खात्यात होती.”

परिचारिकेने तोंड वळवले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी का म्हणून विचारले, आणि मास्तरांनी सांगितले: खुंटी, उशी, गॅस, खुर्चीतली झोप, उभ्या पात्याचे यंत्र, गोलातल्या फुलीचा नियम, तपासणीच्या कागदातला रकाना. ते संपेपर्यंत बाईंनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. मास्तर पुढे अनेकदा म्हणत की शस्त्रक्रिया नंतर झाली, पण निम्मे दुखणे त्या स्टुलावरच निघाले.

“तुमच्या ताईंचा खांदा खरंच दुखत होता,” बाई म्हणाल्या. “निम्म्या लोकांना तरी थोडंफार होतं. काहींना फार होतं.”

मग त्यांनी समजावले. दुर्बिणीने काम करायला जागा हवी म्हणून पोटात वायू भरून ते फुगवतात. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटल असते. वायूने ते ताणले जाते, चुरचुरते. त्या पटलाची नस थेट मानेतून खाली आलेली असते आणि खांद्याच्या जाणिवेचे धागेही मानेत त्याच जागी येऊन मिळतात. मेंदूला कळते की दुखते आहे. कोठे, ते तो चुकीचे वाचतो. दुखणे पटलाचे आणि ओरड खांद्याची.

यावर उपाय आहे, असे त्या म्हणाल्या. खांद्याच्या फऱ्यामागे, म्हणजे पाठीकडच्या चपट्या हाडाजवळ, एक नस असते, तिच्याजवळ सोनोग्राफीत पाहत पाहत औषध सोडता येते. तिला काही तास बधिर केले की खांद्याची ती ओरड बहुतेकांच्या बाबतीत दबते. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. श्वासपटलाची मूळ नसच बधिर केली तर श्वास कमी पडू शकतो, म्हणून ते त्या करीत नाहीत. शिवाय सर्जनांना सांगून पोट कमी दाबाने फुगवता येईल आणि शेवटी वायू नीट बाहेर काढून घेता येईल.

मास्तरांनी साहजिकच विचारले की हे असताना सर्वांना का देत नाहीत. बाईंनी चष्मा पुसला. सगळ्यांना लागत नाही, प्रत्येक सुईला तिची जोखीम असते, वेळही लागतो, असे त्यांनी सांगितले. आणि, खालच्या आवाजात, विचारणारेही फार नसतात, अशी भर घातली. न विचारणाऱ्याला काय आहे ते कळत नाही, आणि काय आहे ते न कळलेला विचारणार तरी काय. पण हा वाद घालण्याची ती जागा नव्हती आणि मास्तरांच्या अंगात झग्याखेरीज काही नव्हते.

“हात?” त्यांनी विचारले. त्यांना खरे तर एवढेच विचारायचे होते.

“जड होईल. बारा-पंधरा तास तो वर उचलता येणार नाही. बोटं हलतील. मग हळूहळू येईल परत.”

“आणि नाही आला तर?”

“क्वचित कोणाला काही होतं. कधीच होत नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण मी अंदाजाने टोचत नाही. सुई पडद्यावर दिसते, ती बघत बघतच पुढे नेते.”

मास्तरांनी हवेत बोटाने एक रेघ ओढली. “म्हणजे रेघेवरून.”

“रेघेवरून,” बाई म्हणाल्या.

त्यांनी सही केली. परिचारिकेने स्पिरिटचा बोळा फुलीवर घासला, पुन्हा घासला, आणि हे जाते कशाने म्हणून विचारले. मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितले की गरम इस्त्री फिरवावी लागते. तेव्हा मात्र बाईही हसल्या, राहू द्या म्हणाल्या, आणि फुलीच्या शेजारी त्यांनी आपल्या पेनाने एक बाण काढून त्याखाली आद्याक्षरे लिहिली. ताईच्या खुणेला अखेर कोणीतरी सही दिली होती.

पाठीवर गार चिकट द्रव लागला, मुंगी चावल्यासारखे टोचले, आणि खांद्यातून एक कोमट जडपणा पसरत गेला. नंतर तोंडावर मुखवटा आला आणि मास्तरांना श्वास मोजायला सांगितले. सहाच्या पुढचे त्यांना आठवत नव्हते.

जाग आली तेव्हा दुपार झालेली होती. घसा कोरडा होता, पोटावर चार ठिकाणी कोणी चिमटे लावून ठेवल्यासारखे वाटत होते. मास्तरांनी डोळे न उघडता आधी खांद्याचा शोध घेतला. अंधाऱ्या खोलीत पायरी असेल म्हणून पाऊल जपून टाकावे आणि जमीन सपाट निघावी, तसे झाले. तेथे काही नव्हते. त्यांनी खोल श्वास घेतला. खुंटी नव्हती. आणखी खोल घेतला. नव्हतीच.

मग त्यांनी हात उचलायला घेतला आणि हात उचलला गेला नाही.

आधी सांगितलेले असूनही ते घाबरले. एकोणतीस वर्षांचा खांदा, आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा पांघरुणावर पडला होता. त्यांनी बोटे हलवली. बोटे हलली. अंगठा आणि तर्जनी त्यांनी कात्रीसारखी उघडली, मिटली, उघडली. बायको खुर्चीतून हे पाहत होती.

“अहो, पडून राहा,” ती म्हणाली. “हात कुठे पळत नाही. पळायची सवय तुम्हाला आहे.”

त्या अबोल्यानंतर हे तिचे पहिले थट्टेचे वाक्य होते आणि मास्तरांना ते औषधाइतकेच मानवले. संध्याकाळी त्यांनी थोडे सूप घेतले, कुशीवर झोपून पाहिले, आणि ताईला निरोप पाठवला की सकाळी ये, फुली अजून आहे.

पहाटे कधीतरी हात परत आला. भरतीचे पाणी येते तसा, आवाज न करता. उजाडल्यावर मास्तरांनी कोपर उचलले, मग मनगट, मग संपूर्ण हात छताकडे ताठ केला आणि तो तसाच धरून ठेवला, इतका वेळ की शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना वाटले त्यांना काहीतरी हवे आहे. खांद्यात थोडी ठणक होती. मोठी ऑर्डर संपवल्यावर असते तेवढी. एका गोळीत ती गेली.

भूलतज्ज्ञ बाई फेरीला आल्या तेव्हा ताई थर्मास घेऊन खाटेशी बसली होती. मास्तरांनी ओळख करून दिली की फुली काढणारी ती हीच. बाईंनी ताईला नमस्कार केला आणि मास्तरांना सांगितले होते तेच पुन्हा सांगितले, पटल, नस, मान. ताई चष्म्यावरून पाहत लक्षपूर्वक ऐकत होती.

“म्हणजे गळती वरच्या मजल्यावर आणि ओल खालच्याच्या भिंतीला,” ती म्हणाली.

“अगदी तसंच.”

“आमच्याकडे रोज दहा यायच्या तसल्या. आम्ही प्लंबर नेहमी खालच्या मजल्यावर पाठवायचो.” तिने थर्मास खाली ठेवला. “मला हे लिहून द्याल का?”

बाई जरा गोंधळल्या. आपण तेव्हा तुम्हाला तपासले नव्हते, त्यामुळे तसा दाखला देता येणार नाही, असे त्यांनी सौम्यपणे सांगितले. ताईने मान हलवली. नियम म्हणजे काय ते तिला कोणी शिकवायला नको होते. मग बाईंनी खिशातून औषधांच्या चिठ्ठ्यांचे पुस्तक काढले आणि उभ्याउभ्या लिहिले: पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखू शकतो. हे दुखणे खरे असते. खाली तारीख घातली, सही केली.

ताईने कागद दोनदा वाचला. “क्रमांक?”

बाईंनी कागद परत घेतला, वरच्या कोपऱ्यात ‘क्र. १’ लिहिले, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

ताई त्या कागदाकडे पाहत राहिली. मास्तर छताकडे पाहत होते. आता बोललो नाही तर यापुढे कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होते.

“ताई, मला तेव्हाच माहीत होतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या दुपारी तू खुर्चीत झोपली होतीस. मी पाहिलं होतं तुला. मला कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“सगळे हसत होते.”

ताईने कागदाची घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवली, घर बंद केले. थर्मासचे झाकण उघडून तिने त्यात चहा ओतला आणि तो त्यांच्या उजव्या हातात दिला, डाव्या नव्हे. एक थेंबही सांडला नाही.

“हे पण लिहून घेतलं असतं,” ती म्हणाली. “पण तुझं अक्षर वाचता येत नाही.”

घरी आल्यावर बायकोने खांद्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके ठेवून फुली काढली. बाण आधीच पुसट झाला होता. तो कागद ताईच्या चष्म्याच्या घरातच राहिला; पण त्या आठवड्यात घरात कोणीतरी सवयीने ‘ताईचा खांदा’ म्हणाले तेव्हा तिने घर उघडले, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणणाऱ्याला तो मोठ्याने वाचायला लावला. त्यानंतर तो वाक्प्रचार बंद पडला.

सहाव्या आठवड्यात मास्तर पुन्हा टेबलाशी उभे राहिले. पाते रेघेवर ठेवले, मनगट घट्ट केले, खांद्यातून रेटा दिला. शिलाईवाल्या बायका यंत्रे थांबवून पाहत होत्या. पाते चाळीस थरांतून एका दमात गेले. मास्तरांनी तळाचा थर उचलून वरच्यावर ठेवला, कडा जुळल्या, आणि त्यांनी पुढची रेघ घेतली.

त्या रेघेच्या मध्यावर फोन वाजला. रेघ अर्धी सोडायची नसते, म्हणून त्यांनी ती पुरी केली, बटण दाबून पाते थांबवले आणि मग फोन उचलला. ताई होती. ताई कामाच्या वेळी कधी फोन करीत नसे.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि मग, खिडकीपलीकडे उभे राहून बोलावे तशा अवघडलेल्या आवाजात: “गुडघा दुखतोय. उजवा. कालपासून.”

अकरा वर्षांत तिने केलेली ही पहिली तक्रार होती. मास्तरांनी अंगावरचा कामाचा झगा काढायला सुरुवात केली होती.

“नेमका कुठे, तिथे खूण करून ठेव,” ते म्हणाले. “मी आलोच.”